कारणाचा रकाना

सोमवारी सकाळी गौतमीनं कारखान्यातला कंप्युटर उघडला आणि शनिवारची नोंद दोनदा वाचली. शनिवारी दुपारी दोनच्या नोंदीत शीतगृहाच्या सतरा अंशांचे पाच अंश झाले होते, आणि बदल करणाऱ्याचं नाव होतं गौतमी. आता गंमत बघा, शनिवारी दोन वाजता ही बाई दौंडच्या दवाखान्यात आईच्या उशाशी बसलेली! आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, रीतसर रजा होती.

शिक्रापूरच्या त्या कारखान्यात लहान लेकरांच्या लशी भरल्या जायच्या. लस आठ अंशांच्या वर गेली की कामातून गेली, बाहेरून मात्र होती तशीच दिसते. म्हणून दर तासाला शीतगृहाचं तापमान टिपून ठेवायचं, कधी गौतमीनं, कधी शीतगृहातल्या माणसानं. दोन हजार सहा साली परदेशी गिऱ्हाईक हटून बसलं, की वही चालणार नाही, सॉफ्टवेअर पाहिजे. आलं सॉफ्टवेअर. त्यात ज्याचा त्याचा पासवर्ड. आकडा बदलला तरी जुना आकडा खाली तसाच राहायचा आणि शेजारच्या रकान्यात बदलाचं कारण लिहावं लागायचं. वर पुण्याच्या ऑफिसात बसलेला सिद्दीक तिथूनच इथले कंप्युटर चालवायचा. पहिल्यांदा माऊसचा बाण आपोआप पळाला तेव्हा पॅकिंगच्या बाया ‘अगं बया!’ म्हणून मागं सरकल्या होत्या. आणि सगळ्यांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या: पासवर्ड दुसऱ्याला दिला की नोकरी गेली.

सही केली खरी. पण दोनच दिवसांनी शीतगृहाचे जालिंदरमामा आले नि म्हणाले, "गौते, माझा पासवर्ड काय ध्यानात ऱ्हाईना. तुझाच सांग. तू आन् मी काय परकं हाय का?" याच मामांनी तिला तळेगाव ढमढेऱ्याहून आणून मॅनेजरपुढं उभं केलं होतं, पोरगी चांगली आहे म्हणून शब्द टाकला होता. त्या माणसाला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? दिला बाईनं.

ती तडक शीतगृहाकडं गेली. "मामा, शनिवारी काय झालं?"

मामांनी आधी इकडंतिकडं बघितलं. "लाईट गेली. जनरेटर काय चालू व्हईना. तीन तास गं! मी आधी खरा आकडा टाकला, मग घाम फुटला, बदलला. तुझं नाव लागंल हे डोक्यातच न्हाई आलं, देवाशप्पत."

"आन् तो माल?"

"संध्याकाळी गाडी लागतीय. तीन तासांनी काय व्हतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. सहा महिन्यांनी मी रिटायर हाय, गौते."

"मॅनेजरसायबांना सांगा, मामा."

"सांगितलं तर आजच घरी बसवत्याल." मामांनी हात जोडले. तिला त्यांचा रागही आला आणि कीवही आली.

ती जागेवर येते न येते तोच फोन वाजला. सिद्दीक होता. मूळचा शिरूरचा, बोलायला गोड. "गौतमीताई, उद्या तपासणीवाले येतायत. तुमचीच स्क्रीन बघतोय मी. शनिवारचा कारणाचा रकाना मोकळा राहिलाय बघा. ‘टायपिंगची चूक’ टाका, सगळे तेच टाकतात. दहा मिनिटांत मी नोंदींना कुलूप लावतो, मग कुणालाच हात लावता येणार नाही."

आली का पंचाईत! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दोन शब्दांत सगळं मिटत होतं. तिची नोकरी राहत होती, मामांची राहत होती, गाडीही वेळेवर सुटत होती. मामा मागून येऊन तिच्या खुर्चीला धरून उभे राहिले, त्यांना धाप लागली होती. तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलंसुद्धा. मग तिच्या डोळ्यांपुढं कुठली तरी बाई आली. टोचून घेतलेलं लेकरू खांद्यावर टाकून ती निर्धास्त घरी चालली होती. गौतमीला भीती वाटली, पण ती लिहीत गेली. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, असू दे.

"काय लिहितीयास?" मामांनी विचारलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिला काहीही सांगता आलं असतं.

तिनं मराठीत वाचून दाखवलं. "‘खरं तापमान सतरा. तीन तास लाईट नव्हती. मी रजेवर होते. आकडा जालिंदरमामांनी बदलला. पासवर्ड मीच त्यांना दिला होता.’"

तिकडं पुण्यात सिद्दीकला एकेक अक्षर उमटताना दिसत होतं. "ताई," तो फोनवर हळूच म्हणाला, "अजून सेव्ह केलं नाहीत, पुसता येतंय. मी काही बघितलं नाही असं समजा."

"मी सेव्ह केलं, सिद्दीकभाऊ. लावा कुलूप. आन् गाडी थांबवा म्हणावं."

पडद्यावरचा बाण हलला आणि रकाना बंद झाला. मामा बाजूच्या खोक्यावर खाली बसले. आता ते शिव्या घालतील, उपकार काढतील, अशी तिची खात्री होती. तिनं मान खाली घातली होती.

"माझं नाव घातलंस ते घातलंस," मामा म्हणाले. "पर तुझं कशापायी घातलंस गं, येडे? मामानं पासवर्ड चोरला म्हणून लिहायचं. तुझी तरी नोकरी ऱ्हायली असती."

तेव्हा मात्र गौतमी टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.