कळ्ळं?

उणकलच्या अंबूताईला वाक्याच्या शेवटी 'कळ्ळं?' जोडल्याशिवाय चैन पडत नसे. "म्हशीला कडबा टाक, कळ्ळं?" "जेवायला ये, आमटी गार होतेय, कळ्ळं?" कळलं का, एवढाच त्याचा अर्थ. पण गोविंद बिचारा दर वेळी असा दचके, की वळता दोर हातातून सुटून जाई. त्याच्या कानात मराठी शिरतच नव्हती, शिरत होती कानडी. आणि कानडीत कळ्ळ म्हणजे चोर!

आणि तो होताच की चोर.

दोन वर्षांपूर्वी तळ्याच्या बांधावरून चालत आला तेव्हा "दोर वळतो, पोटाला घाला" एवढंच बोलला होता. कुठं शिकलास म्हणून अंबूताईनं विचारलं, तर म्हणाला, "बेळगावकडं." खोटं नव्हतं ते. बेळगावच्या तुरुंगात, एवढंच सांगायचं राहिलं. त्याआधी हुबळीतलं कसलंही कुलूप त्याच्या बोटांपुढं नांगी टाकायचं.

अंबूताई विधवा. मूल नाही, बाळ नाही. तीन म्हशी आणि एक तिखट जीभ, एवढाच संसार. पण पहिल्याच दिवाळीत तिनं या परक्या माणसाला पाटावर बसवून ओवाळलं आणि 'तम्मा' म्हणून हाक मारली. धाकटा भाऊ! जन्मात शिवीशिवाय दुसरी हाक न ऐकलेला तो गडी, गोठ्यात जाऊन ढसाढसा रडला. पुन्हा कुलपाला शिवायचं नाही, अशी त्यानं तिथंच शपथ घेतली. ती इतकी पाळली, की अंबूताईनं कोठीची किल्ली हातात दिली तरी म्हणायचा, "अक्का, तूच उघड."

"अगंबाई! कुलूप काय चावतं का रे तुला?"

त्या चैत्रात तिच्या म्हशी कुणाच्या तरी मिरचीच्या मळ्यात घुसल्या आणि कोंडवाड्यात गेल्या. कोंडवाड्याचा राखणदार यशवंत. त्यानं लोखंडी फाटकाला नारळाएवढं कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली आणि स्वारी निघाली हुबळीला, दुपारचा सिनेमा बघायला. नेमकी त्याच दुपारी भिंतीलगतची कडब्याची गंजी पेटली.

आत चौदा जनावरं हंबरत होती. माणसं तळ्याचं पाणी आणून ओतत होती, पण वाऱ्यापुढं कुणाचं काय चालणार? दोघांनी कुलपावर धोंडे घातले. कुलूप ढिम्म. अंबूताई फाटकाचे गज धरून उभी होती. गज तापले, तळहात भाजले, बायका मागं ओढू लागल्या, तरी सोडीना. आत तिची गाभण काशी भिंतीला धडका देत होती.

"तम्मा, काहीतरी कर रे!"

गोविंदच्या कमरेला पोती शिवायचा दाभण होता. तेवढा पुरे होता. पण सगळ्या गावादेखत कुलूप उघडलं, तर जनावरं वाचतील आणि तम्मा मरेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. मग अंबूताईच्या हातांवर आलेले फोड दिसले, आणि खड्ड्यात गेला तो तम्मा, असं म्हणून तो पुढं घुसला.

दाभणाचं टोक त्यानं दगडावर वाकवलं, कुलपात सारलं, कान लावला. एक हिसका, दुसरा हिसका. खट्!

फाटक उघडलं आणि काय ती झुंड सुटली! चौदाच्या चौदा बाहेर. शेवटची काशी, शेपटी जराशी करपलेली, थेट तळ्यात जाऊन बसली. गाव आरोळ्या ठोकू लागलं. तेवढ्यात यशवंत धापा टाकत पोचला, किल्ली हातात. कुलूप न फुटता उघडलेलं बघून त्याचे डोळे पांढरे झाले.

"किल्ली तर माझ्यापाशी! मग हे... कळ्ळ! अरे, हा कळ्ळ आहे!"

आरोळ्या थांबल्या. गोविंदनं दाभण खाली टाकला. "होय. चार वर्षं तुरुंगात होतो. अक्का, तुला फसवलं. जातो मी."

अंबूताई आधी यशवंतकडं वळली. "मुडद्या! चौदा मुकी जनावरं आगीत सोडून पडद्यावरची माणसं बघायला गेलास, आणि चोर याला म्हणतोस?" लोक हसले, यशवंतनं मान खाली घातली. मग ती गोविंदकडं बघतच राहिली, आणि एकदम कपाळावर हात मारला. "अय्यो! म्हणून दचकत होतास होय रे? आणि मी मेली दिवसातून पन्नास वेळा तुला चोर, चोर म्हणत होते!"

तिचे डोळे भरून आले. तशीच ती गावाकडं तोंड करून ओरडली, "हा माझा तम्मा आहे, आणि तम्माच राहणार. कळ्ळं?"

"कळ्ळं!" सगळं उणकल एका आवाजात गरजलं.

गोविंद दचकला नाही.

अंबूताईनं भाजल्या हातानं कमरेची कोठीची किल्ली काढून त्याच्या मुठीत कोंबली. "मला आता आठवडाभर हात हलवता यायचा नाही. कोठी उघड, तांदूळ काढ, चुलीवर भात टाक. कळ्ळं?"

"कळ्ळं, अक्का," गोविंद म्हणाला.