बिनआवाजाची गाडी

दादाला आवाजाचं वेड होतं, म्हणजे आवाज नाहीसा करण्याचं. मी त्याची धाकटी बहीण आणि त्याच कारखान्यात वायरिंगला, त्यामुळे हे वेड मला घरी आणि दारी दोन्हीकडे भोगावं लागलं. आमची कंपनी विजेवर चालणारी एक छोटी, बुटकी गाडी बनवत होती आणि दादा तिचा मुख्य इंजिनिअर होता. विजेची मोटार मुळातच शांत. पण ती शांत झाली की बाकीचं सगळं ऐकू यायला लागतं. पंख्याची घरघर, गिअरची कुईकुई, दाराच्या रबराचं कुरकुरणं. दादा गाडीत मागच्या बाजूला कान लावून आडवा पडायचा आणि आम्ही गाडी शेडमध्ये गोल गोल फिरवायचो. कुठे खट्ट झालं की तो भाग अख्खा उतरवायचा, पुन्हा बसवायचा. वहिनी म्हणायची, "मी घरात बोलते ते मात्र या कानांना ऐकू येत नाही."

त्यानं ते साधलं, एवढं मानायलाच हवं. किल्ली फिरवली तरी गाडी चालू झाल्याचं कळायचं नाही. आम्हाला कळायचं, कारण आम्ही वर्षानुवर्षं तिच्यातच लोळत होतो. स्टिअरिंग जरासं हलकं व्हायचं, तेवढं आम्हाला पुरे. बाकी जगाला ते कळणार नाही, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

शोरूममध्ये पहिल्याच दिवशी आमचं पितळ उघडं पडलं. गिऱ्हाईक ऐटीत बसायचं, किल्ली फिरवायचं आणि कान टवकारायचं. काहीच नाही. मग पुन्हा फिरवायचं, की चालू झालेली गाडी बंद! गाडी चालू झाल्याचा समोरचा हिरवा दिवा उन्हात दिसायचा नाही. "बंद पडली हो तुमची गाडी," म्हणून माणूस उतरून मोकळा. सेल्समन बिचारा "चालू होती, चालू होती" म्हणत घसा कोरडा करायचा. पण गाडी चालू आहे हे ज्याला पटवून द्यावं लागतं, तो ती विकत कशाला घेईल? बघता बघता तिचं नावच पडलं, बंद पडलेली गाडी. दादाच्या मुलीला वर्गातली पोरं विचारायची, "धक्का मारायला येऊ का?" ती रडत घरी यायची आणि बापाशी अबोला धरायची.

उपाय अगदी सोपा होता. मी शोरूममधल्या गाडीला एक छोटा बझर बसवला. गाडी चालू झाली की तो एकदाच टिंग करायचा. सेल्समननं तर माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. त्या दिवशी एकही माणूस बंद पडली म्हणून उतरला नाही. संध्याकाळी दादा आला.

"हे काय आहे?"

"टिंग आहे. लोकांना कळायला नको?"

"मी इतकी वर्षं आवाज काढून टाकत बसलो, आणि तू गाडीला पिपाणी लावतेस?"

"अरे, खपायला नको का ती?"

"शिकतील लोक," तो म्हणाला आणि त्यानं वायर उपटली.

मालक त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. त्या 'शिकतील'चा मला आजही संताप येतो. लोकांना काय दुसरे उद्योग नाहीत?

लोक शिकले नाहीत. गाड्या आवारात धूळ खात उभ्या राहिल्या. मालकानं किंमत उतरवली, टॅक्सीवाल्यांना गळ घालून पाहिली, शेवटी कारखाना बंद करून आराखड्यांसकट सगळं एका मोठ्या कंपनीला विकलं. दादा घरी बसला. मी दुसरीकडे वायरिंगला लागले.

मोठ्या कंपनीनं घाई केली नाही. बॅटऱ्या सुधारल्या, तेव्हा तिनं वरचा पत्रा बदलला, नाव बदललं आणि गाडी बाजारात आणली. आता बटण दाबलं की गाणं वाजतं, आणि पाय दाबला की स्पीकरमधून पेट्रोलच्या इंजिनासारखी खोटी गुरगुर येते. हातोहात खपतेय. नंबर लावावा लागतो म्हणे.

परवा माझी भाची, दादाची तीच मुलगी, ती गाडी घेऊन दारात आली. दादाला पुढे बसवलं, मला मागे. गाणं वाजलं, गुरगुर सुरू झाली. पहिल्याच खड्ड्यात मला कळलं. खालचा सांगाडा आमचाच, खड्डा गिळायची तऱ्हाही तीच. दादाला तर बसताक्षणीच कळलं असणार.

"कशी आहे, बाबा?"

"छान आहे."

"आवाज ऐकलात ना? गाडी म्हणजे अशी पाहिजे!"

तिनं आम्हाला दाराशी सोडलं आणि गाडी लावायला पुढे गेली. माझा संयम संपला.

"सांग ना तिला! तुझी गाडी आहे ती. तुझी!"

दादा गाडीकडे बघत होता. भाची उतरली, दोन पावलं गेली आणि वळून तिनं गाडीच्या टपावरून हात फिरवला.

"आवडलीये तिला," दादा म्हणाला. "माझी आहे म्हटलं, तर नाही आवडणार."