मिठाचंच पाणी

मला बोलायला तोंड नाही, आणि ज्या डोळ्यात बसून मी जग पाहिलं त्या डोळ्यालाही आता दिसत नाही. मी एक लेन्स आहे. करंगळीच्या नखाएवढी, कडक, किंचित निळसर. राई गावातल्या मिनलच्या उजव्या डोळ्याचं माप घेऊन मला बनवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात मी बसत नाही. म्हणजे आता कुठेच बसत नाही.

मिनल साडेपाच वर्षांची असताना शेजारच्या लग्नाचा मांडव सोडत होते. ताणलेली तार सुटली आणि तिच्या डोळ्यावर बसली. मीरा रोडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फाटलेलं बुबुळ शिवलं आणि आतलं फुटलेलं भिंग काढून टाकलं. नवं भिंग आत बसवायचं ते मोठेपणी. तोवर बाहेरून मी.

"आठव्या वर्षापर्यंत हा डोळा वापरात राहिला पाहिजे," डॉक्टर मिनलच्या आईला, स्वातीला म्हणाले. "मेंदू एकदा या डोळ्याला विसरला, की मग कितीही चांगली लेन्स घाला, उपयोग नाही. एक दिवससुद्धा चुकवू नका."

ते वाक्य स्वाती घरी घेऊन गेली आणि देवासमोर ठेवावं तसं तिनं ते जपलं.

दवाखान्यात लेन्सच्या काउंटरवर हेमाली नावाची मुलगी होती. हसरी, मनानं चांगली. मला कसं धरायचं, कसं घालायचं, रात्री कुठल्या पाण्यात बुडवून ठेवायचं, सगळं तिनं करून दाखवलं. स्वातीचा चेहरा उतरला होता. "मॅडम, ह्या बाटलीत केमिकल असतं ना? एवढ्याशा डोळ्यात घालायचं?"

"अहो ताई, टेन्शन नका घेऊ. मिठाचंच पाणी आहे हे. आपल्या आसवांसारखं."

मिनलचा आजा, धर्माजी, मागे उभा होता. सगळी हयात त्यानं मिठागरात काढलेली. तो पुढे आला. "मिठाचं?"

"हो आजोबा, मिठाचंच."

"मंग आमच्या घरचंच की!" तो म्हणाला, आणि सगळे हसले. मिनलसुद्धा. हेमालीनं सूचनांचा छापील इंग्रजी कागद स्वातीच्या हातात दिला. तो फ्रिजवर चुंबकाखाली लागला आणि तिथेच राहिला.

पहिले पंधरा दिवस मी मिनलची वैरीण होते. रोज सकाळी स्टीलच्या कारखान्यात कामाला जायच्या आधी स्वाती तिला चादरीत गुंडाळायची, गुडघ्यांत दाबायची आणि पापण्या ओढून मला आत सरकवायची. पोरगी अशी ओरडायची की शेजारीण दारात येऊन विचारायची, "क्या हुआ भाभी, मारते हो क्या बच्ची को?" मला घालून झालं की स्वाती हात धुवायची आणि डब्याची पिशवी उचलून निघायची. रिक्षात बसून ती रडायची, असं एकदा ती फोनवर नवऱ्याला सांगताना मी ऐकलं. नवरा उत्तनच्या बोटीवर. आठ-आठ दिवस समुद्रात.

कितीदा मी डोळ्यातून उडून फरशीवर पडले! माणसं मला शोधायला जमिनीवर ओणवी व्हायची. पण त्या चादरीतल्या जिवाला काय वाटत असेल, हे तेव्हा कुणी ओणवं होऊन पाहिलं नाही.

पाहिलं ते धर्माजीनं.

"पोरीला बांदून दिसाचा न्हाय, स्वाती," तो एका सकाळी म्हणाला. "मना दे. थोडं दिवस मना दे."

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? एक दिवस चुकवायचा नाही."

"आनि पोरगीच भिऊन आपल्याला चुकली तं?"

स्वातीनं माझी डबी त्याच्या हातात दिली. कदाचित दमली होती.

त्यानंतर नऊ दिवस धर्माजीनं मला डोळ्यात घातलंच नाही. ओट्यावर मांडी घालून बसायचा, मला तळहातावर ठेवायचा आणि मिनलला म्हणायचा, "बग, कशी हाय?" पहिल्या दिवशी ती लांबूनच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी बोट लावलं. "खवला हाय," ती म्हणाली. "बोयचा खवला." बोय माशाच्या खवल्यावरून तेव्हापासून माझं नाव खवला. आजा आधी स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकायचा आणि मुद्दाम "आयो, मेलो मेलो" करून लोळायचा. ती खिदळायची. मग तिच्या गालावर बोट, मग पापणीवर बोट. पाचपर्यंत मोजायचं आणि काढायचं. ती म्हणाली "सोड", की तो त्याच क्षणी सोडायचा. तिला पटायला वेळ लागला, पण पटलं.

दहाव्या दिवशी तिनं आपण होऊन त्याच्या मांडीवर डोकं टेकलं. त्यानं तीनदा हात धुतले होते. मिठागरात उन्हानं भेगाळलेली ती बोटं. पण मी इतक्या हळू कधीच आत गेले नव्हते.

चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली. मिनल वर बघत राहिली. आधी सगळं पाण्याखाली असावं तसं. मग मी जागेवर बसले.

"आजा!" ती किंचाळली. "तुज्या कानात केस हायत!"

धर्माजी हसता हसता रडला. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला क्षण कोणता, असं कुणी विचारलं तर मी त्या कानातल्या केसांचं नाव घेईन.

पुढचे पाच महिने मी कामाची होते. तपासणीला मिनल आधी तक्त्यावरचं फक्त मोठं अक्षर वाचायची. मग दुसरी ओळ आली, तिसरी आली. पाचव्या महिन्यात चौथीतली दोन अक्षरं. डॉक्टर स्वातीला म्हणाले, "घरी कोण करतं हे? फार छान चाललंय." स्वातीनं सासऱ्याकडे बोट दाखवलं. म्हातारा लाजला.

मग एका गुरुवारी बाटली संपली.

धर्माजी दवाखान्याजवळच्या दुकानात गेला. "माल नहीं आया, चाचा. मंडे को आएगा." आणखी दोन दुकानं पाहिली. घरी येऊन त्यानं स्वातीला कारखान्यात फोन केला. तिकडे मशीनचा आवाज. "बाबा, मला आता बोलता येत नाही. तुम्हाला जे बरं वाटेल ते करा, पण लेन्स चुकवू नका."

म्हणून त्यानं चुकवली नाही.

फ्रिजवरच्या कागदात लिहिलं होतं की घरी बनवलेलं पाणी कधीही वापरू नये. धर्माजीला इंग्रजी येत नव्हतं. त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. स्वतःच्या आगरातलं शेवटच्या हंगामाचं मीठ त्यानं बरणीत जपून ठेवलं होतं. त्यातले शुभ्र खडे निवडले. पाणी उकळलं, धुतलेल्या पंच्यातून दोनदा गाळलं, काचेच्या बाटलीत भरलं. ते जास्त खारट वाटलं म्हणून टाकीतलं थोडं साधं पाणी घातलं आणि जिभेवर थेंब घेऊन पाहिलं. आसवांसारखं लागेपर्यंत.

"मिठात काय सडत न्हाय," तो मिनलला म्हणाला. "मिठातली मासली वरीसभर टिकते. तुजा खवला टिकंल."

मी त्या पाण्यात बुडाले. मला काहीच कळलं नाही. साध्या पाण्यात, टाकीच्या तळाच्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, आणि मिठाच्या चिमटीला ते भीत नाहीत. ते माझ्या अंगाला चिकटले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मिनलच्या डोळ्यात घेऊन गेले. मी नेलं. पाठीवर बसवून नेलं.

सोमवारी दुकानात बाटल्या आल्या. धर्माजीनं दोन आणल्या. पण त्या पाण्यानं मिनलला थोडं झोंबलं. "नको हे," ती म्हणाली. "तुजं पानी पायजे. आजाचं पानी." मग त्यानं दुकानातल्या बाटल्या कपाटात ठेवून दिल्या. आपल्या हाताचं पाणी नातीला मानवतं, यापेक्षा म्हाताऱ्याला आणखी काय हवं होतं?

तिसऱ्या आठवड्यात डोळा लाल झाला. डोळे आलेत, असं सगळ्यांना वाटलं. मेडिकलवाल्यानं थेंब दिले. मिनल उजेड टाळू लागली, दिवसा दाराआड बसू लागली. धर्माजी तो डोळा धुवायचा. सकाळी आणि संध्याकाळी. त्याच पाण्यानं.

तिला दवाखान्यात नेलं तेव्हा दहा दिवस उलटले होते. बुबुळावर पांढरं कडं धरलं होतं.

"लेन्स कशात ठेवता?" डॉक्टरांनी विचारलं.

धर्माजीनं पिशवीतून बाटली काढली. "ह्यात. मी सोता बनवतो. उकलून, गालून, सगला सोच्छ." त्याच्या आवाजात अभिमान होता. तो अभिमान मला अजून ऐकू येतो.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून हलवली. मग त्यांनी हेमालीला बोलावलं. तिनं बाटली पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. "आजोबा, मी फक्त समजावायला म्हणाले होते…"

"तुमीच बोललात ना," धर्माजी म्हणाला. अजून त्याला काही उमगलं नव्हतं. "मिठाचंच. 'मिठाचंच' बोललात."

एका 'च'वर त्या माणसानं विश्वास टाकला होता. तुम्ही जे शिकलेले आहात, पांढरे कोट घालता, काउंटरवर उभे राहता, तुम्हाला माझी एकच विनवणी आहे. धीर देण्यासाठी गोष्ट खोटी सोपी करू नका. माणसाला त्याच्या भाषेत सांगा, पूर्ण सांगा, घाबरेल एवढं सांगा. घाबरलेला आजा परत येऊन विचारतो. निर्धास्त आजा घरी जाऊन पाणी उकळतो.

चार महिने औषध पडलं, सुरुवातीला दर तासाला. बुबुळ राहिलं, दृष्टी गेली. मोठेपणी बुबुळ बदलून बघू, असं डॉक्टर म्हणाले, पण बोलताना त्यांनी स्वातीकडे पाहिलं नाही. तोवर मेंदू या डोळ्याला विसरलेला असेल. बाटली आणि माझी डबी तपासणीला गेली. मला कुणी मागितलं नाही. धर्माजीनं मला कागदाच्या पुडीत बांधलं. आता मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात असते. सुकले आहे, अंगावर पांढरा थर आलाय, काठाला तडा गेलाय. स्वाती त्याच्याशी बोलते, पण जेवायला या, एवढंच.

परवा दुपारी तो ओट्यावर बसला होता. मिनल आली, त्याच्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली आणि स्वतःच्या बोटानं खालची पापणी ओढून धरली.

"घाल ना खवला," ती म्हणाली. "मी रडली म्हनून काडलास ना? आता न्हाय रडनार. पाच काय, दहा मोजीन."

धर्माजीनं तिचं बोट पापणीवरून काढलं. "तू काय न्हाय केलंस, बाय. माज्या पान्यानं गेला डोला. माज्या हातानं."

मिनलनं विचार केला. मग उठून बसली आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, म्हाताऱ्याला समजवावं तसं.

"मंग दुसरं पानी आन ना," ती म्हणाली.

दुसरं पाणी घरात आहे. दुकानातून आणलेल्या दोन्ही बाटल्या कपाटात भरलेल्या पडून आहेत. पण त्या पाण्यानं गेलेला डोळा परत येत नाही. धर्माजीनं खिशातल्या माझ्या पुडीवर हात ठेवला.