शाबूत ब्रेक

समोरच्या गॅरेजवाल्याच्या धाकट्या भावाची लाल स्पोर्ट्स कार इतकी सुसाट, की हॉर्न दाबला तर आवाज मागून धापा टाकत यायचा. खोटं वाटत असेल तर माझ्या डाव्या कानाला विचारा; तो अजून वाट बघतोय.

तीच गाडी भर दुपारी कोपऱ्यावरच्या भिंतीत घुसली. धाकट्याला खरचटलंसुद्धा नाही. माणसं जमताच तो ओरडला, "ब्रेकच लागले नाहीत!"

ते ब्रेक थोरल्यानेच बसवलेले. त्याने गाडी ओढून गॅरेजात आणली आणि कामाला लागला. गॅरेजपुढची रांग मात्र अशी आटली, की हवा भरायच्या नळीत कोळ्यांनी संसार थाटला.

आता दोघे मिळून गाडीचे भाग सुटे करून विकत होते. थोरला खोलायचा, धाकटा गिऱ्हाइकांशी बोलायचा. सीटा गेल्या, चाकं गेली. मग एक टकलू आला. त्याला ब्रेकच हवे होते.

"चांगले आहेत ना?"

"एकदम नव्यासारखे!" धाकटा सवयीने बोलून गेला.

"मग भिंतीत कशी घुसली? सगळीकडे तर बोंब आहे, ब्रेकनी दगा दिला म्हणून."

धाकटा उगाच बॉनेट पुसायला लागला. चहा घेऊन आलेली वहिनी दारातच थबकली. तेवढ्यात गाडीखालून थोरल्याचा आवाज आला, "राहू द्या साहेब. माझ्याच हातून नीट बसले नसतील."

थोरल्याने असं पाठीशी घातलं आणि धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, नको," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ब्रेक ठणठणीत होते. मी दाबलेच नाहीत. आरशात बघत होतो... कट्ट्यावरची पोरं माझ्याकडे बघतायत का ते."

"मग? बघत होती?" टकलूने विचारलं.

"नाही."

गाडीखालचा पाना थांबला.

"टॉर्च धर," थोरला म्हणाला. "बोल्ट दिसत नाहीये."

धाकटा टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला. टकलूने ब्रेक घेतले आणि जाताना स्वतःच्या गाडीची किल्ली थोरल्याच्या हातात ठेवली. "हिचेही जरा बघा."

वहिनीने धाकट्यापुढे कप आदळला. "भावजी, आरसा नाही खपला तर तुमच्या खोलीत लावू हं!"

चहा तसाच टाकून तो उठला, थेट कट्ट्यावर गेला आणि खरं काय ते सगळ्यांसमोर सांगितलं. इतक्या मोठ्याने, की माझ्या डाव्या कानालाही ऐकू आलं.