बाण खाली असलेला दरवाजा

त्या दिवशी नेमकं लख्ख ऊन पडलं होतं. आमच्या गल्लीच्या डोक्यावर कारखान्याच्या चिमण्या. एरवी ऊन येतं तेही गाळून आल्यासारखं. पण त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती आणि आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. बायकांनी दोऱ्या भरून कपडे वाळत घातले होते, आणि तेवढ्यात गुन्हेगारीचे सिनेमे काढणारी माणसं गाड्या घेऊन गल्लीत शिरली.

मी दरवाजा बोलतोय. भट्टीवाल्या काकांच्या खोलीचा. सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म खोक्यांतून झाला. कारखान्यात मोठी यंत्रं आली, ती जाड लाकडी खोक्यांतून. खोकी फोडली, फळ्या पडून राहिल्या. काकांचं तेव्हा नवं लग्न झालं होतं आणि खोलीला दाराच्या जागी चादर होती. साहेबाला विचारून त्यांनी फळ्या घरी आणल्या आणि मला ठोकून उभा केला. काका भट्टीवर लोखंड ओतणारे, सुतारकामाशी त्यांचा काय संबंध? एका फळीवर ‘ही बाजू वर’ असं सांगणारा काळा बाण होता. तो नेमका खाली तोंड करून बसला. काकू आल्यागेल्याला सांगायच्या, “बाण दिसला ना? आधी चपला काढा.”

कारखान्यातला मोठा घण दिवसभर आपटतो. त्या हादऱ्यांनी माझ्या बिजागऱ्या सैल झाल्या आणि मी एका बाजूला टेकलो. तेव्हापासून मला उघडायची एक रीत आहे. कडी धरून जरासा वर उचलायचा, मग गुडघ्याने ढकलायचा. काका-काकूंना त्यात काही विशेष वाटत नाही.

तर त्या दिवशी दिग्दर्शक आभाळाकडे बघून डोक्याला हात लावून बसला. “एवढं ऊन? गल्ली कशी मळकट, भयाण दिसायला हवी!” मग त्यांनी टायर जाळले. टँकर आणून पाऊस पाडला. भिंतींना काजळी फासली. अरे, ज्या काजळीपायी काकूंना खोकल्याची ढास लागते, ती बाहेरून आणून फासता?

समोरच्या खोलीतला, कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर आपला भिजलेला शर्ट पिळत म्हणाला, “एक दिवस थांबायचं होतं हो. उद्या कारखाना चालू झाला की हवी तेवढी काजळी फुकट मिळाली असती.”

मग त्यांचा गुप्तहेर आला. लांब कोट, वाकडी टोपी, घामाने निथळणारा. त्याला लाथेने मला उघडून आत शिरायचं होतं. मला कडीसुद्धा लावलेली नव्हती! पण लाथ बसली की मी चौकटीत आणखी घट्ट रुततो. त्याने पुन्हा मारली, पुन्हा मारली, आणि शेवटी पाय धरून खाली बसला.

काका पुढे झाले. “साहेब, जरा उचलून बघा...”

“काका, बाजूला व्हा, कॅमेऱ्यात येताय!”

मग मला उतरवून माझ्यासारखेच रंगवलेले पातळ प्लायवूडचे दरवाजे आणले. पहिला लाथेने मोडला, दुसरा चौकटीतच राहिला. संध्याकाळी हमालांनी भिंतीला टेकवलेल्या मला त्यांचंच सामान समजून गाडीत टाकलं. काका गेले होते काकूंना दवाखान्यात घेऊन. येऊन बघतात तर घराला पुठ्ठ्याएवढं दार, आणि बाण वर! रंगाऱ्याने तो सुधारून काढला होता.

मी पडलो सिनेमावाल्यांच्या गोदामात. तिथे मला एका खोट्या भिंतीत बसवलं. मागे घर नाही, माणूस नाही. किती गुप्तहेर आले! कोणी गोळ्या झाडल्या, कोणी लाल रंग उडवला. एकाने भिंग लावून माझा बाण बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, “खुनी तळघरात आहे!” मला हसावं की रडावं कळेना. एवढे हुशार लोक, पण दार वाजवून बघावं हे एकालाही सुचू नये?

इकडे घरी वारा आणि काजळी सरळ आत. काकूंचा खोकला वाढला आणि गल्लीभर ऐकू जाऊ लागला. काकूंना रात्र रात्र बसून काढावी लागे. काकांनी नवीन दार बसवायचं म्हटलं की त्या म्हणत, “नको. आपलं येईल.” हे सगळं काकांनीच मला नंतर सांगितलं, बिजागऱ्यांना तेल घालताना.

टर्नरने एकदा काकांना बळेच सिनेमाला नेलं. पडद्यावर भिंगातून बाण दिसला आणि काका उभेच राहिले. “अहो, तो माझा दरवाजा!”

“काका, बसा खाली!” मागचे ओरडले.

“बसतायत कसले? तळघर कुठलं, आमची गल्ली आहे ती!” टर्नरही उठला.

विचारत विचारत दोघे गोदामात आले. हातगाडीवर तो प्लायवूडचा दरवाजा होता. काका गोदामवाल्याला म्हणाले, “तुमची वस्तू घ्या, माझी द्या.”

“तुमचाच कशावरून?”

काका पुढे झाले. कडी धरली, जरासा उचलला, गुडघा टेकवला. मी मुकाट उघडलो. किती दिवसांनी!

गोदामवाला बघतच राहिला. “याच्यापायी आमच्या हिरोचा पाय मुरगळला हो!”

“लाथ मारली असेल,” काका म्हणाले. “त्याला ती चालत नाही.”

मी घरी आलो. काकूंनी बाणावरून हात फिरवला आणि मला लावून घेतलं. त्या रात्री त्या खोकल्या, पण थोड्याच. मी आवाज बाहेर जाऊ दिला नाही. मग त्यांना झोप लागली.

आता मी म्हातारा झालोय. मागणं एवढंच आहे बाबांनो, कोणाच्याही घरी जा, आधी दार वाजवा.

मी घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तसं कोणीतरी मला वाजवलं. घाईघाईने, सारखं. काकूंनी मला जरा उचलून, आत ओढून उघडलं. बाहेर टर्नर उभा होता. अर्ध्या गालाला साबण, पायात चप्पल नाही. काकूंना बघून तो मटकन उंबऱ्यावरच बसला. आतून काका आले, तेव्हा त्यांच्याकडे बघून म्हणाला, “काका, रात्रभर खोकला ऐकू आला नाही, जीव नुसता घाबरून गेला हो. तुमचं दार एवढं जाड आहे, हे मी साफ विसरलो होतो.”