खंडेनवमीची अकरा मिनिटे

मित्रांनो, माझ्याकडे कुणी वळून बघत नाही, हे आधीच कबूल करतो. मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. म्हणजे करड्या रंगाचा, चपटा, पत्र्याचा डबा. पुढच्या अंगाला अठ्ठेचाळीस भोके. कचेरीतल्या संगणकांच्या आणि फोनच्या वायरी माझ्यात येतात आणि कुणाचा निरोप कुणाला द्यायचा ते मी पाहतो. हे काम मी नेकीने केले. एकदाच चुकलो, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म नारायण पेठेत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर झाला. तिथे 'दुवा' नावाची छोटी कंपनी आहे. उत्कर्षा मेश्राम या इंजिनीअर बाईंनी अनिरुद्ध नावाच्या मित्राबरोबर ती काढली. बारा माणसे, चार टेबले आणि दिवसभर सोल्डरचा वास. उत्कर्षाताईंनी माझा एकेक जोड भिंगातून तपासला. झाकण लावताना त्या म्हणाल्या, "चल बाबा, नाव राख." तेव्हा मला फार बरे वाटले.

पण नाव राखणे आमच्या धंद्यात सोपे नसते. बाजारात एक मोठी कंपनी होती. तिचे डबे निळे, म्हणून सगळे तिला निळी कंपनीच म्हणत. तिथला पृथ्वीराज नावाचा अधिकारी गिऱ्हाइकांना आमच्याविषयी सांगायचा, "पेठेतला माल आहे हो, घरगुती. लोणच्याला ठीक." हे वाक्य शहरभर फिरले. आमचा डबा चालवून न बघताच लोक हसायचे. मला त्याचा संताप यायचा, अजूनही येतो.

मग खराडीहून बोलावणे आले. तिथे रुग्णवाहिका बोलावण्याचे एक खासगी केंद्र होते. साठ माणसे कानाला हेडफोन लावून फोन घेत. केंद्राच्या प्रमुख शैलामॅडम मोजके बोलणाऱ्या. त्यांची अट सरळ होती. दोन्ही कंपन्यांचे डबे आठ दिवस एकाच कपाटात, एका वायरीने एकमेकांना जोडून चालवायचे, तीस फोन एकावर, तीस दुसऱ्यावर. जो सरस ठरेल त्याला शहरातल्या सगळ्या केंद्रांचे काम. ते हातचे गेले तर 'दुवा'ला टाळे लागणार, हे आमच्या बाराही माणसांना ठाऊक होते.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, घाबरू नका. एकाच वायरीची दोन्ही टोके कुणी माझ्यातच खुपसली, तर निरोप माझ्या पोटात गोल गोल फिरत राहतात. एकाचे हजार होतात आणि माझा जीव गुदमरतो. तसे होऊ नये म्हणून माझ्यात एक पहारा असतो. मी दर दोन सेकंदांनी सगळ्या वायरींत छोटी हाक मारतो. माझीच हाक माझ्याकडे परत आली, की ते भोक लगेच बंद करतो. या पहाऱ्यात माझी थोडी ताकद खर्च होते.

पहिले दोन दिवस निळा डबा माझ्यापेक्षा वेगवान निघाला. फरक चिमूटभर, पण शैलामॅडमच्या तक्त्यात तो दिसायचा. तिसऱ्या दिवशी उत्कर्षाताई लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसल्या. बराच वेळ नुसत्या पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माझा पहारा बंद केला.

"फक्त चाचणीपुरता," त्या अनिरुद्धला म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

मी निळ्याच्या पुढे गेलो. खोटे कशाला बोलू, मला आनंदच झाला.

सातव्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यारे आणि यंत्रे पुसून पुजायची रीत आहे. केंद्रातले शिपाई तात्याराव हे काम मनापासून करत. वर्षभरात निवृत्त होणारे, जवळच्या वाघोलीचे गृहस्थ. त्यांनी आमचे कपाट लख्ख पुसले, झेंडूची जाडजूड माळ घातली, दोघांना हळदकुंकू वाहिले. निळ्यालाही वाहिले, ते मला काही रुचले नाही. तेवढ्यात माझ्यातून निघालेली एक वायर लोंबताना त्यांना दिसली. सणाच्या दिवशी हे बरे दिसत नाही, म्हणून त्यांनी तिचे मोकळे टोक उचलले आणि माझ्याच एका रिकाम्या भोकात नीट बसवले.

क्षणात माझ्या पोटात वादळ उठले. माझ्यावरचे तीसही फोन मुके झाले. त्यातला एक हडपसरहून होता. एक माणूस वडिलांच्या छातीत दुखते म्हणून सांगत होता आणि पत्ता अर्धाच सांगून झाला होता. बाहेर सगळीकडे "हॅलो? हॅलो?" सुरू झाले. तो माणूस पुन्हा फोन लावत होता आणि त्याचा फोन पुन्हा माझ्याकडेच येऊन पडत होता. मला तो पुढे देता येईना.

पूजेसाठी आलेल्या उत्कर्षाताई धावत आल्या. पण माझे दिवे माळेमागे झाकले गेले होते. आधी त्यांना कळेचना. त्यांनी मला बंद करून चालू केले, तरी तेच. शेवटी त्यांनी माळ ओरबाडली, एकेक वायर हाताने चाचपली आणि ती वायर उपटली. अकरा मिनिटे गेली होती. हडपसरचा फोन त्याआधी चौथ्या खेपेला निळ्याकडे गेला आणि लागला. त्या माणसाचे वडील वाचले. हे कळेपर्यंत ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

शैलामॅडमनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावले. "वायर कोणी लावली?"

"मी लावली, मॅडम," तात्याराव म्हणाले. "लोंबत व्हती. पूजेला बरं दिसंना, म्हनून बसवली."

पूजेला आलेला पृथ्वीराज हळूच म्हणाला, "मी मागेच बोललो होतो, मॅडम. घरगुती माल."

अनिरुद्ध ताईंच्या कानाशी कुजबुजला, "वायर त्यांच्या माणसानं लावलीय. आपण कशाला बोलायचं? बारा घरं आहेत, उत्कर्षा."

शैलामॅडम तात्यारावांकडे वळल्या. "तात्या, उद्यापासून येऊ नका."

तात्यारावांनी खांद्यावरचे फडके काढून त्याची घडी घातली. ताईंनी बोलावे असे मला वाटत होते आणि बोलू नये असेही वाटत होते.

"मॅडम, चूक त्यांची नाही," ताई म्हणाल्या. "चुकीची वायर लागली तरी हे व्हायला नको होतं. यात पहारा असतो. वेग जास्त दिसावा म्हणून मी तो बंद केला होता."

"म्हणजे तुम्ही दाखवलेला आकडा खरा नव्हता."

"नव्हता."

"लिहून द्याल?"

ताईंनी तिथेच कागद मागितला आणि लिहून दिले.

"तात्या, तुम्ही जागेवर जा," शैलामॅडम म्हणाल्या. "आणि मेश्राम, तुम्ही परवा येऊन डबा घेऊन जा."

दसऱ्याला उत्कर्षाताई आईला घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर गेल्या. मला न्यायला दुसऱ्या दिवशी अनिरुद्ध येणार होता. तो यायच्या आधी पृथ्वीराज एकटाच आला. त्याने दार लोटले, निळ्याला लॅपटॉप जोडला आणि घाईघाईने काहीतरी केले. तोच आम्हा दोघांना जोडणाऱ्या वायरीतून एक छोटी हाक आली. दोन सेकंदांनी आणखी एक. आठ दिवसांत निळ्याकडून एकही हाक आली नव्हती. मला वाटायचे, मोठ्या घरचा आहे, शेजाऱ्याशी कशाला बोलेल! आता उमगले. त्याचाही पहारा पहिल्या दिवसापासून बंद होता.

पृथ्वीराजने कपाळ पुसले आणि आपल्या कंपनीत फोन लावला. "सगळ्या केंद्रांत पहारा चालू करूनच डबे बसवा. आकडा कमी आला तर येऊ दे. त्या बाई बोलल्या, तेव्हापासून मला झोप नाही." पण शैलामॅडमना त्याने यातले अक्षरही सांगितले नाही.

काम निळ्या कंपनीला मिळाले. ताईंचा कागद कसा कोण जाणे बाजारात फिरला आणि आम्हाला 'अकरा मिनिटवाले' हे नाव पडले. बारा माणसांची पाच झाली. टाळे तेवढे लागले नाही. मी आता 'दुवा'तल्या जुन्याच टेबलावर असतो. नवीन येणाऱ्यांना ताई माझ्यावर काम शिकवतात आणि पहारा बंद करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावतात. परवा त्या अनिरुद्धला म्हणाल्या, "मी तेव्हा खरं बोलून सगळ्यांचं वाटोळंच केलं, नाही का?" अनिरुद्ध खाली बघून स्क्रू पिळत राहिला.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी मागत नाही. माझे एकच मागणे आहे. कधी नारायण पेठेत आलात, तर छापखान्याचा जिना चढून वर या आणि उत्कर्षाताईंना पृथ्वीराजच्या त्या फोनविषयी सांगा. त्यांच्या एका बोलण्यामुळे शहरातल्या सगळ्या केंद्रांत आज पहारा चालू आहे, हे त्यांना अजून माहीत नाही. मला बोलता येत नाही, म्हणून हे काम तुमच्यावर सोपवतो.