हॉर्नची वायर

सीट मागे सरकवल्याशिवाय डॅशबोर्डखाली हात पोचणार नव्हता, हे मला मुलीने पाठवलेलं खोकं उघडायच्या आधीच ठाऊक होतं. तरी सीट तशीच ठेवून बघितलं. कुशीवर झालो, मान वाकडी केली, एक पाय दाराबाहेर काढला. स्टिअरिंगखालचं कव्हर निघालं, पण इग्निशनच्या वायरींपर्यंत बोटंच जाईनात.

"तू गाडी दुरुस्त करतोयस की गाडी तुला गिळतीये?"

शेजारचा गवंडी दोन घरांमधल्या भिंतीवर कोपरं टेकून उभा होता. माझ्यासारखाच आता घरी बसलेला, त्यामुळे दुसऱ्याचं काम बघायला त्याच्याकडे वेळच वेळ.

"रिमोट बसवतोय," मी म्हणालो. "घरातून बटण दाबलं की गाडी चालू."

"आणि सीट मागे घ्यायला वेगळं बटण आहे का?"

मी पुन्हा आत हात घातला. सीट पुढे का आहे, ते त्यालाही माहीत होतं.

माझी बायको बुटकी. क्लचवर पाय पुरावा म्हणून सीट अगदी शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढायची. हा पिकअप मी पंपदुरुस्तीच्या कामासाठी घेतला होता. डिझेल इंजिन, तेव्हाही जुनंच. थंडीत चालू व्हायला फार कुरकुर करायचं. सकाळी मी चहा पीत हत्यारं गोळा करायचो आणि ती माझं जुनं जॅकेट अंगावर चढवून अंगणात जायची. किल्ली अर्धी फिरवायची, इंजिन आतून गरम करणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायची आणि मगच इंजिन चालू करायची. मला तेवढा धीर नसायचा. "अहो, म्हाताऱ्या माणसाला झोपेतून असं हिसका देऊन उठवतात का?" म्हणायची.

गाडी तापली की एकदाच हॉर्न. तोही छोटासा, कारण लोक झोपलेले असतात. मी बाहेर यायचो, ती उतरायची, मी चढायचो आणि गुडघा स्टिअरिंगच्या दांड्यावर आपटायचा. रोज.

"अगं, उतरताना सीट मागे करत जा की!"

"तुमच्या तंगड्या लांब, त्याला मी काय करू?"

एवढं झालं की दिवस चालू.

ती गेल्यावर मी सीट हलवली नाही. कुठे जायचं असलं तर गुडघे फाकवून तसाच चालवतो. जायचं नसलं तरी रोज सकाळी बाहेर जातो, दिवा विझेपर्यंत थांबतो, इंजिन चालू करतो आणि ते तापेपर्यंत तिच्या जागेवर बसून राहतो. मागच्या थंडीत त्यापायी छाती भरली आणि दवाखान्यात पडून राहावं लागलं. मुलगी धावत आली. जाताना दारात उभं राहून म्हणाली, "बाबा, आता दोनच गोष्टी. गाडी विका, नाहीतर मी पाठवते ते बसवा. त्या गार पत्र्यात बसणं बंद."

गाडी विकणं मला जमणार नव्हतं. म्हणून हे खोकं.

"मी ओढू का सीट?" गवंड्याने विचारलं.

"नको. मीच ओढतो."

सीटखालचा दांडा गंजला होता. तेल सोडलं, थोडं थांबलो, पुन्हा ओढला. सीट खाडकन मागे गेली, पार शेवटपर्यंत. खालच्या पट्टीवर जिथे ती इतके दिवस होती तेवढाच तुकडा स्वच्छ राहिला होता. बाकी सगळी धूळ.

पुढचं काम हाताच्या सवयीचं. टेस्ट लॅम्प लावून कुठली वायर कशाची ते बघितलं, जोड कथलाचा डाग देऊन पक्के केले, वर टेप गुंडाळली. हीटरच्या दिव्याचीही वायर होती, म्हणजे हे यंत्र दिवा विझेपर्यंत थांबणार होतं. ते मला बरं वाटलं.

मग अंगणात उभा राहून बटण दाबलं. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि धाडकन भिंतीवर जाऊन बंद पडली. अंगणाला उतार, म्हणून आमच्याकडे गाडी कायम गिअरमध्ये उभी करायची पद्धत. "गिअर टाकला ना?" हे ती घरात शिरता शिरता विचारायची. आजही सवयीने टाकलेला होता.

गवंडी कोपरं झटकून दोन पावलं मागे सरकला होता. त्याने आधी भिंत निरखली, मग मला.

"मी बांधलीये म्हणून उभी आहे. दुसऱ्या कुणाची असती तर आज तू माझ्या स्वयंपाकघरात असतास."

आम्ही दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी. मग गाडी मागे घेतली, हँडब्रेक आवळला, चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावला, गिअर न्यूट्रलला. या वेळी इंजिन शहाण्यासारखं चालू झालं.

"ही एक वायर राहिली की," गवंडी आत डोकावून म्हणाला.

ती हॉर्नची होती. जोडली तर गाडी चालू होऊन तापली की एकदा हॉर्न वाजतो, घरातल्या माणसाला कळावं म्हणून. मी तिचं टोक सोललं होतं. गाडीतली हॉर्नची वायरही शोधून ठेवली होती. दोन्ही टोकं थोडा वेळ हातात धरली. मग एकेकाला वेगवेगळी टेप गुंडाळली आणि आत सरकवून दिली.

गवंड्याने कव्हर उचलून माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बटण दाबलं. जरा वेळ काहीच नाही. दिवा विझायची वाट बघत असणार. मग इंजिनने आवाज धरला, मागून पांढरा धूर निघाला. तेवढ्यात मुलीचा फोन.

"झाली का चालू?"

"झाली."

"हॉर्न वाजला?"

"नाही. ती वायर नाही जोडली."

"मग तापली ते कसं कळणार तुम्हाला?"

"चहा संपेपर्यंत तापते."

फोन ठेवला, चहा संपवला, कप विसळला. तरी जरा वेळ तिथेच उभा राहिलो. मग जॅकेट चढवून बाहेर गेलो, दार उघडलं आणि आत चढलो.

गुडघा कुठेच आपटला नाही.